रुसायचं घर

आमच्या घरात कुणी रुसलं की बैठक भरायची. कुणी म्हणजे भिंगरीच. दुसऱ्या कुणाला तेवढी सवड नव्हती. ती पाय आपटत जाऊन कपाटाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली, की आम्ही दोघं आईबाप हातातली कामं टाकून तिच्यामागे जमिनीवर मांडी ठोकायचो. "तुला राग आलाय, हो ना?" तिचा बाबा मऊ आवाजात विचारायचा. "कुठे आलाय राग? पोटात की डोक्यात? दाखव बघू." सुरुवातीला बिचारी प्रामाणिकपणे पोटावर हात ठेवायची. मग तिच्या लक्षात आलं, की उत्तर दिलं नाही तर बैठक लांबते आणि बैठक लांबली की शेवटी बिस्किट निघतं. तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

हे सगळं आम्ही पुस्तकं वाचून करत होतो. मुलाच्या भावनेला नाव द्यावं, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडतील असं खाली बसावं, त्याला एकटं सोडू नये. यात चूक काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की आमचे गुडघे धरायला लागले आणि पोरगी दिवसेंदिवस जास्तच रुसायला लागली.

मी कवळ्या करते. दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आणि मी बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत बसून त्यात प्लॅस्टर ओतते, मेणाच्या हिरड्या करते, त्यात एकेक दात बसवते. काम नाजूक आहे, आणि कालवलेलं प्लॅस्टर कुणाच्या भावनांसाठी थांबत नाही. नवरा कॉलेजात शिकवतो. विषय, माणसांच्या रीतिभाती. लग्नाआधी तो डोंगरातल्या एका जमातीत जाऊन राहून आला होता आणि त्याचं अर्धं मन अजून तिथेच आहे. "डोंगरात असं नाही करत," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्या डोंगराला मी सवतच मानते. नवऱ्याला मी प्राध्यापक म्हणते. डोकं तापलेलं असलं की प्राध्यापकमहाराज.

तर एके दिवशी भिंगरी मोज्याच्या शिवणीवरून रुसली. शिवण बोटाला टोचते, उलटा घातला तर दिसायला वाईट दिसतो, आणि दुसरा मोजा नको, हाच हवा. बैठक भरली, राग पोटात की डोक्यात झालं, बिस्किट झालं. मी खोलीत परतले तेव्हा भांड्यातल्या प्लॅस्टरचा दगड झाला होता आणि त्यात चमचा उभा रुतला होता.

"तुझ्या त्या डोंगरातली पोरं रुसत नाहीत का रे?" मी ओरडले. "की त्यांना मोजेच नसतात?"

"रुसतात की," प्राध्यापक म्हणाला. "पण तिथे रुसायला घर असतं."

"रुसायला घर?"

"प्रत्येक मुलाचं वस्तीत एक घर असतं. आपलं नव्हे, दुसऱ्याचं. मूलच ठरवतं कुठलं ते. आईबापाचा राग आला की उठायचं आणि त्या घरी जायचं. तिथे कुणी विचारत नाही काय झालं म्हणून. समजूत काढत नाहीत, लाड करत नाहीत. हातात काम देतात. शेंगा सोल, लोकर पिंज. राग उतरला की मूल आपलं आपण घरी येतं."

"आणि आईबाप काय करतात तोवर?"

"काही नाही. आणायला जायचं नाही, हा नियम. आणि मूल तिथे काय बोललं, त्यानं काय केलं, हे त्या घराला विचारायचं नाही. ते फार वाईट समजतात."

"कमाल आहे तुझी," मी म्हटलं. "एवढी कामाची गोष्ट, आणि तू ती कॉलेजातल्या पोरांना सांगतोस. मला सांगायला काय झालं होतं?"

तो खांदे उडवून म्हणाला, "मला वाटलं, ते तिथलं तिथे."

आता अशी गोष्ट आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांच्या हाती लागली की तिचं काय होतं बघा. आम्ही भिंगरीसाठी रुसायचं घर शोधायला निघालो. मूलच ठरवतं, हे वाक्य दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाचव्या मजल्यावर एक जोडपं राहतं, दोघंही सदा हसरी, स्वच्छ, टेबलांच्या कोपऱ्यांना रबर लावलेलं, बैठकीच्या खोलीत टांगलेला झोका. त्यांच्याकडे जाऊन आम्ही कॉफी प्यायलो, नियम समजावून सांगितले. त्यांनी भिंगरीला कशाकशाची अॅलर्जी आहे ते विचारून घेतलं. मग भिंगरीला नेऊन सगळं घर दाखवलं. "राग आला की तू इथे यायचंस," बाबाने तिला नीट समजावलं. "इथे तुला कुणी काही विचारणार नाही आणि आम्ही आणायलाही येणार नाही. कळलं?" भिंगरी झोक्यावर बसून मान हलवत होती. पुढे ती त्या घरी कधी फिरकली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथे मज्जा येते. तिथे कसं रुसणार?"

आमच्या थेट खालच्या घरात एक काकू एकट्या राहतात. त्यांचा आवाज असा, की मी त्यांना मनातल्या मनात करवत म्हणते. नाटकांसाठी केसांचे टोप करणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या बाल्कनीत दोरीवर केसांच्या बटा वाळत असतात, काळ्या, पिंगट, पांढऱ्या. माझ्या खोलीतलं प्लॅस्टरचं पाणी एकदा नळीतून गळलं आणि एका पिंगट राणीच्या केसांवर पडलं. तेव्हापासून आमचं बोलणं फक्त कठड्यावरून, तेही चढ्या आवाजात. वर दात आणि खाली केस. मनात आणलं असतं तर दोघींनी मिळून एक अख्खी बाई उभी केली असती. पण आमचं पटत नव्हतं.

पाचव्या मजल्याचा प्रयोग फसला, आणि आम्ही तो विषय सोडून दिला. मग एका सकाळी मी नुकतेच मांडून ठेवलेले पुढचे दात जागेवर नव्हते. शोधते तर स्वयंपाकघरात एक बटाटा माझ्याकडे बघून हसत होता. भिंगरीने त्याला दात बसवले होते, तेही रांगेत, अगदी नीट. आता हसू येतं. तेव्हा त्या दातांची एक आजीबाई दवाखान्यात वाट बघत बसली होती, आणि मी भिंगरीवर अशी कडाडले की माझा मलाच आवाज ओळखू येईना. भिंगरी कपाटाकडे गेली नाही. तिने चपला घातल्या, दार उघडलं आणि जिना उतरून गेली.

मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. ती खाली करवतीच्या दारात उभी. दार उघडलं, ती आत गेली, दार लागलं.

"आता काय करायचं?" मी म्हटलं.

"काही नाही," प्राध्यापक म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "तिने निवडलं."

"त्या बाईकडे खिळ्यांची फळी आहे! केस विंचरायची! मी बघितलीय, हात घातला तर रक्तच येईल."

"डोंगरात..."

"डोंगर गेला खड्ड्यात!"

पण मी गेले नाही. काही माझा त्या रीतीवर विश्वास बसला होता म्हणून नव्हे. करवतीच्या दारात हात जोडून उभं राहायचं, हे मला मरण वाटत होतं. म्हणून मी येरझाऱ्या घातल्या, दात बटाट्यातून काढून धुतले आणि कामाला बसले. जेवणाच्या वेळी दार वाजलं. भिंगरी आली, हात धुतले, मुकाट्याने जेवली. तिच्या फ्रॉकवर लांबच लांब पिंगट केस चिकटलेले होते.

"काय केलंस गं तिथे?" मी विचारलं.

"काम," ती म्हणाली.

त्यानंतर हे सुरूच झालं. राग आला की ती चपला घालायची. भांडण संपवायची तिची ही पद्धत इतकी साधी होती, की आमची अर्धी वाक्यं हवेतच राहायची. मी "हे बघ भिंगरी, मला असं वाटतं..." म्हणेपर्यंत ती जिन्यात. परत यायची ती मोकळी होऊन. बैठका बंद झाल्या. बिस्किटांचा डबा लवकर रिकामा होईना. भिंगरी स्वतःचे केस स्वतः विंचरायला लागली, टोकाकडून वर, गुंता हातात धरून, म्हणजे ओढ बसत नाही. मी तिला असं कधी शिकवलं नव्हतं. मी मुळापासून खाली ओढायचे, आणि ती किंचाळायची.

आता एवढं सगळं चांगलं झाल्यावर माणसाने समाधानाने राहावं की नाही? पण मला राहवेना. ती बाई माझ्या पोरीशी काय बोलत असेल? आणि पोरगी तिला काय सांगत असेल माझ्याबद्दल? आई ओरडते. आई दिवसभर दातांपाशी बसते. आईपेक्षा तुम्ही बऱ्या. मेणात दात बसवता बसवता मी भिंगरीच्या तोंडी अशी वाक्यं घालायचे आणि ऐकून स्वतःच रडकुंडीला यायचे. पाच वर्षं मी तिच्या प्रत्येक शिंकेची खबर ठेवली होती. आता तिच्या आयुष्यात एक खोली होती आणि तिची खिडकीसुद्धा मला नव्हती.

प्राध्यापकाची तऱ्हा वेगळी. त्याला या सगळ्यातून निबंध दिसायला लागला. एक दिवस तो बोलणं टिपून घ्यायचं छोटं यंत्र खिशात घालून खाली गेला. मी जिन्याच्या कठड्याशी कान लावून उभी.

"काकू, फक्त थोडी माहिती हवी होती. भिंगरी इथे आल्यावर पहिल्यांदा काय करते, किती वेळानं बोलते..."

"तुमचे ते डोंगरातले लोक विचारतात का असं?" करवतीचा आवाज आला. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. भिंगरीने सांगितलेलं असणार.

"नाही. ते नाही विचारत. पण मी अभ्यास म्हणून..."

दार लागलं. प्राध्यापकमहाराज वर आले ते कान लाल करून. मी त्याची पोटभर थट्टा केली आणि दुसऱ्याच दिवशी, तो कॉलेजात गेल्यावर, स्वतः बाल्कनीच्या कठड्यावरून वाकले.

"काकू," मी म्हटलं. एवढ्या गोड आवाजात मी त्यांना कधीच हाक मारली नव्हती. "भिंगरी तुम्हाला त्रास नाही ना देत?"

"नाही."

"काही बोलते का? घरचं... माझ्याबद्दल वगैरे?"

काकू बटा उलट्या करत होत्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे बघा बाई, विचारायचं नसतं म्हणतात. पण तुमचा जीव टांगणीला लागलाय म्हणून एकदाच सांगते. ती तुमच्याबद्दल काहीसुद्धा बोलत नाही. केस विंचरते आणि जाते."

मला वाटलं होतं, हे ऐकून मला हायसं वाटेल. तसं झालं नाही. ती माझ्या तक्रारी करत असती तर मी निदान त्या घरात असते तरी. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. संध्याकाळी भिंगरीला मी उगीचच दोनदा जवळ ओढलं, आणि दोन्ही वेळा ती "अगं सोड ना" म्हणत निसटली.

आणि मग तो शनिवार आला.

एका गाणाऱ्या बाईंची कवळी होती. बाई मोठ्या, कार्यक्रम संध्याकाळी, आणि जुनी कवळी पडून फुटलेली. दंतवैद्याने दोनदा फोन केला होता. मी सकाळपासून मेणात दात बसवत होते, वरची रांग होत आली होती, आणि समोरचा एक दात सापडेना. ताटलीत नाही, टेबलाखाली नाही, मेणाच्या डब्यात नाही. त्याच रंगाचा, त्याच मापाचा दुसरा माझ्याकडे नव्हता. मी खोली उलटीपालटी केली. भिंगरी दारात उभी राहून बघत होती.

"तू घेतलास?"

"नाही."

"भिंगरी, खरं सांग. बटाट्याला लावलास?"

"नाही घेतला मी."

"मग गेला कुठे? त्याला काय पाय फुटले? आण इकडे, मी ओरडणार नाही." मी तेव्हाही ओरडतच होते.

"मी नाही घेतला, आई."

"खोटं बोलू नकोस! चोर कुठली!"

हा शब्द बाहेर पडला. भिंगरी रडली नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती अनोळखी माणसाकडे बघते, थोडं मागे सरून. मग चपलासुद्धा न घालता ती खाली निघून गेली.

आतल्या खोलीतून प्राध्यापक धावत आला. "काय झालं?" म्हणून विचारता विचारता तो थांबला आणि माझ्या हाताकडे बघायला लागला. "तुझ्या कोपराला काय चिकटलंय गं?"

मी हात उलटा केला. कोपराला गुलाबी मेणाचा एक गोळा चिकटला होता आणि त्यात तो दात रुतला होता. हसरा, पांढरा. मी सकाळभर तो अंगावर घेऊन फिरत होते.

मी दात काढला, जागेवर बसवला, कारण गाणाऱ्या बाईंचा काही दोष नव्हता. हात आपोआप काम करत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कवळी पुरी झाली आणि दुपार कलताना दवाखान्यातला माणूस येऊन डबा घेऊन गेला. भिंगरी अजून आली नव्हती.

"मी जाते खाली," मी म्हटलं.

"आणायला जायचं नसतं," प्राध्यापक हळूच म्हणाला.

"मी आणायला नाही जात आहे. मी तिला चोर म्हटलंय, आणि ती चोर नाही. हे तिला कळायला नको? तुझ्या डोंगरात एखादी आई पोरीला असं काही बोलली तर काय करते? थांबते?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी तेव्हा आयांना काही विचारलंच नाही. मी पोरांच्याच मागे होतो."

मी खाली गेले. दार ढकललेलंच होतं. करवतकाकू लाकडी डोक्यावर टोप चढवून सुईने एकेक केस ओवत होत्या. मला बघून त्या काही बोलल्या नाहीत, "या" नाही आणि "जा" नाही. खिडकीपाशी भिंगरी अनवाणी बसली होती. समोर खिळ्यांची फळी, हातात पांढऱ्या केसांची बट. ती बट फळीवर आपटायची, हळूच ओढायची, पुन्हा आपटायची. हात कुठे ठेवायचा हे तिला पक्कं माहीत होतं.

"भिंगरी," मी म्हटलं, "दात सापडला. माझ्याच हाताला चिकटला होता. तू घेतला नव्हतास. माझं चुकलं."

"बरं," ती म्हणाली. बट आपटली, ओढली.

"मी तुला तसं म्हणायला नको होतं."

"हो."

मला वाटलं आता ती उठेल. गळ्यात पडेल, रडेल, मग मीही रडेन आणि आम्ही दोघी वर जाऊ. इतकी वर्षं असंच होत आलं होतं. ती उठली नाही. मी पुढे होऊन तिच्या शेजारी बसायला लागले. म्हटलं, मीही दोन बटा विंचरते, तिच्याबरोबर राहते.

तिने फळीवर हात आडवा ठेवला.

"हे माझं घर आहे रुसायचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला नियम समजावून सांगत होती. "तू तुझं शोध."

करवतकाकूंनी सुईवरून नजर वर केली नाही. पण त्यांचा हात थांबला होता, आणि मी बाहेर पडेपर्यंत थांबूनच राहिला.

मी जिना चढले. आमच्या दाराशी आले आणि तिथेच उभी राहिले. आत प्राध्यापक होता. तो मला मिठीत घेणार, माझ्या भावनेला नाव देणार, मग चहा करणार. चांगला माणूस आहे. पण मला तेव्हा ते नको होतं. कुणी मला विचारू नये, कुणी समजावू नये, असं एखादं ठिकाण मला हवं होतं, आणि मी डोक्यातल्या डोक्यात एकेक दार आठवत गेले. माझी बहीण होती, पण ती फोनवर, आणि पहिला प्रश्न "का गं, काय झालं?" मैत्रिणी होत्या, पण त्यांच्याकडे जायचं तर आठवडाभर आधी ठरवावं लागतं. या इमारतीत आम्ही भिंगरीच्या जन्माआधीपासून राहतो, आणि मला रडवेल्या तोंडानं जाता येईल असं एकही दार तिथे नव्हतं. माझ्या पाच वर्षांच्या पोरीला होतं. तिने ते स्वतः मिळवलं होतं, आणि तेही माझ्या वैरिणीकडे.

मी आमचं दार न वाजवता आणखी एक मजला चढले. तिथे एक बस चालवणारी बाई राहते. मला ती तिच्या जाड बुटांवरून ठाऊक, दाराबाहेर काढलेले असतात. कधी जिन्यात भेटली तर मान हलवायची, मी हलवायचे. बेल मारल्यावर वाटलं पळून जावं. दार उघडलं. ती गणवेशाच्या पँटवर घरचा सदरा घालून उभी होती, हातात ओलसर चादर.

"काही हवंय का?"

"नाही," मी म्हटलं. "थोडा वेळ बसू का?"

माझ्या नाकाडोळ्यांचं काय झालं होतं ते तिला दिसत असणारच. हातातल्या चादरीकडे बघत ती म्हणाली, "मी एकटी केव्हापासून झटापट करतेय हिच्याशी. हे टोक धरा."

मी टोक धरलं. ती खोलीच्या त्या टोकाला गेली, मी या टोकाला. झटकली, ताणली, दोरीवर टाकली. मग उशांचे अभ्रे झाले. मग वाळलेल्या चादरी होत्या, त्यांच्या घड्या घातल्या. टोकाला टोक आणून एकमेकींच्या जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं. ती एकदाच बोलली, "उलट्या बाजूनं." मी बाजू बदलली. तिच्या खिडकीतून आमची गल्ली दिसते आणि वरून बघितलं तर ती जरा बरी दिसते. कपडे संपले तेव्हा माझा श्वास जागेवर आला होता. "येते," मी म्हटलं. "बरं," ती म्हणाली, आणि बुटांना पॉलिश करायला बसली.

मी घरी आले. दिवेलागण होऊन गेली होती. टेबलावर तीन ताटं मांडलेली, जेवण झाकून ठेवलेलं, आणि खुर्च्यांवर बापलेक समोरासमोर बसलेले. कुणी जेवायला सुरुवात केलेली नव्हती. भिंगरीचे पाय अजून अनवाणीच होते, तळवे मळलेले. मला बघितल्याबरोबर ती खुर्चीवरून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"कुठे गेली होतीस?" प्राध्यापकाच्या तोंडून निघालं.

"बाबा!" भिंगरी त्याच्यावर केवढ्यानं तरी ओरडली. "विचारायचं नसतं ना!"

मी हात धुतले, येऊन माझ्या जागेवर बसले. भिंगरी माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती केव्हाची वर आली असणार, घरभर मला शोधलं असणार, बाल्कनीतून वाकून पाहिलं असणार. आणि मी कुठेच नव्हते.

"मला खूप यावंसं वाटत होतं तुला आणायला," ती म्हणाली. "पण तू रुसली होतीस ना, म्हणून नाही आले."